पहिलटकरणीचा डबा

निवृत्तीनंतर माणसाने काय करावं, याबद्दल कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीत पुष्कळ मतं आहेत. कोणी सकाळी बागेत जाऊन टाळ्या वाजवतं, कोणी मोबाइलवर शेअर बाजार बघून घरच्यांवर चिडतं, कोणी नातवंडांना शिकवणीला सोडतं-आणतं. मी डुकरं पाळली. पाळली ती पनवेलजवळच्या कोन गावाच्या पुढे, भागीदाराच्या घरामागच्या शेडमध्ये. पण वास रोज माझ्यासोबत लिफ्टने वर यायचा. सोसायटीच्या ग्रुपवर एकदा कोणीतरी विचारलं, लिफ्टमध्ये उंदीर मेलाय का. चौकशी करणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होतो. लिफ्टच्या खड्ड्यात टॉर्च मारून बघायला हवं, असं मीच सुचवलं, आणि बिचारा वॉचमन पालथा पडून बघत बसला.

भागीदार म्हणजे मला वर्षानुवर्षं घरून स्टेशनला सोडणारा रिक्षावाला. रोजच्या त्या थोड्या वेळात आम्ही देशाचे सगळे प्रश्न सोडवले होते. शेवटी एकच उरला, मी रिटायर झाल्यावर करायचं काय. तो आगरी, कोनकडच्या गावातला. घरची जमीन रस्त्यांत आणि इमारतींत गेली, घरामागे एक लांबट तुकडा तेवढा राहिला. त्याने वराहपालनाचे व्हिडिओ बघितले होते आणि सिग्नलला रिक्षा थांबली की मी ते त्याच्या खांद्यावरून बघितले होते. एवढ्या अभ्यासावर शेड उभी राहिली.

बायकोने घरात एकच नियम केला. तो शब्द उच्चारायचा नाही. त्यामुळे आमच्या घरात धंद्याला ‘तुमचं ते’ म्हणत. तुमचं ते कसं चाललंय, तुमच्या त्याचे कपडे बाहेरच्या बादलीत टाका. मी शेडवरच्या नळाखाली आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून घरी यायचो आणि तरीही ती दार उघडून आधी दोन पावलं मागे सरायची.

शेडमध्ये जनावरं थोडीच होती. त्यांतली एक पांढऱ्या विलायती जातीची तरुण मादी, जिची ही हकिकत. ती पिल्लू असताना आम्ही दोघांनी मिळून निवडली. त्याने तिची लांब पाठ बघितली. मी तिच्या पापण्या बघितल्या, पांढऱ्या, दाट, एखाद्या बाहुलीच्या असाव्यात तशा. शिवाय तिने येऊन माझ्या चपलेचा वास घेतला, तेव्हाच माझा निर्णय झाला. मुलगी बघायला जातात तसा आम्ही रंग बघितला, उंची बघितली, स्वभाव बघितला. तिला उलटी करून सड किती आणि कसे आहेत, हे बघायचं दोघांनाही सुचलं नाही. डुकरिणीच्या पोटाखाली सडांच्या दोन ओळी असतात आणि जितके चांगले सड तितकी पिल्लं पोसली जातात. हिचे मागचे तीन आत वळलेले होते. हे आम्हाला फार उशिरा, आणि फार वाईट वेळी कळलं.

भागीदाराने पहिल्याच दिवशी अट सांगून टाकली होती. “काका, पयल्या वेताला पिल्लं वाढवली तर ठेवायची, नाय तर काढायची. नंतर लळा लागला म्हनू नका.”

वेत म्हणजे एक बाळंतपण, आणि काढायची म्हणजे खाटकाचा टेम्पो. मी मान डोलावली. बँकेत कर्जाच्या कागदावर लोक सही करतात, तशी.

ती पहिल्यांदा माजावर आली तेव्हा अजून पुरती भरलेलीही नव्हती. अंगाने लांब, पण हाडं मोकळी दिसायची. एखादा-दुसरा माज जाऊ द्यावा, असं व्हिडिओत कोणीतरी म्हणाल्याचं मला अंधूक आठवत होतं. पण तो भाग बघताना सिग्नल सुटला होता. भागीदार म्हणाला, “माज आला म्हंजे ती तयार हाय. निसर्गाला आपल्यापेक्षा जास्त कळतं.” मला ते फार पटलं. निसर्गाला जास्त कळतं असं कोणी म्हटलं की मला नेहमीच पटतं, कारण मग मला काही कळून घ्यावं लागत नाही. शेडमधल्याच नराशी तिची गाठ घालून दिली आणि ती गाभण राहिली.

नेमकं त्याच सुमाराला आमच्या लेकीला सहावा महिना लागला होता.

लेक कॅनडात असते. पहिलं बाळंतपण. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, लेक सातव्यात घरी यायची, आई तिला उठून पाण्याचा पेला घेऊ द्यायची नाही. आता ती येणार नाही म्हटल्यावर आम्ही जाणार होतो. बायकोने डिंक, खारीक, खोबरं, अळीव असं सगळं आणून लाडू वळायला घेतले आणि आमचा व्हिसा काही वेळेत आला नाही. लेकीनेच समजूत घातली. म्हणाली, इथे हॉस्पिटलवाले सगळं बघतात, काय खायचं त्याचा तक्ता दिलाय, आणि लाडू पाठवू नकोस आई, मला शुगर सांभाळायला सांगितलीय. बायको बरं म्हणाली. फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेली आणि उरलेल्या मिश्रणाचेही लाडू वळले. आता थांबून करणार काय.

स्टीलचा मोठा डबा ओट्यावर भरून ठेवलेला. मला मधुमेह, तिला तुपाचा त्रास. आठवडाभर तो डबा आमच्याकडे बघत होता आणि आम्ही त्याच्याकडे. मग एका सकाळी मी शेडवर निघालो असताना तिने एका छोट्या डब्यात चार लाडू घातले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तिला तरी द्या. ती पण पहिलटकरीणच आहे.”

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती मला त्या क्षणाइतकी कधी आवडली नसेल.

पुढचं सगळं त्या डब्यानेच केलं. मी रोज लाडू नेऊ लागलो. डब्याचा आवाज ऐकला की ती कुठूनही उठून यायची, कठड्यावर नाक टेकवायची आणि लाडू तोंडात धरून, डोळे अर्धे मिटून, सावकाश खायची. डुक्कर हपापल्यासारखं खातं असं लोक म्हणतात. त्यांनी डिंकाचा लाडू देऊन बघितलेला नसतो. मी घरी येऊन सांगायचो, आज कसं खाल्लं, कशी चालली, पोट किती खाली आलंय. बायको कणीक मळत ऐकायची. ‘तुमचं ते’ जाऊन ‘ती’ कधी झाली, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. ओट्यावरच्या मोठ्या डब्यातले लाडू संपत कसे नाहीत, हे मी विचारलं नाही. तूप मात्र महिन्याच्या मध्यातच संपायला लागलं.

शेडमधला मूळ आहार म्हणजे खरकटं. महामार्गावरचे ढाबे आणि पनवेलचे लग्नाचे हॉल यांचं उरलेलं अन्न भागीदार रिक्षातून पिंपात भरून आणायचा. भात, पोळ्या, तेलाचा तवंग आलेल्या भाज्या. लग्नसराई होती. बुंदी यायची, शिरा यायचा, कधी कधी अख्खी जिलेबीची परात. मी त्यातलं गोड वेगळं काढून पहिलटकरणीला द्यायचो. डोहाळे पुरवले नाहीत तर मूल लाळ गाळतं, असं आमच्याकडे समजतात. पिल्लं सहसा लाळ गाळतच असतात, पण आपल्याकडून कमी नको. ती अंगाने भरली. मग सुटली. पाठीचा कणा बोटाला लागेना. रात्री बसताना ‘हुश्श’ करायची तशी आमच्या सोसायटीतल्या फक्त सेक्रेटरीबाई करतात. भागीदार खूश, मी त्याहून खूश. तिच्या गोल पोटाचे फोटो मी लेकीला पाठवले आणि लेकीने तिच्या पोटाचा एक पाठवला. तो मी बायकोला दाखवला. वाळलीय, एवढंच ती म्हणाली.

मधे एकदा जनावरांच्या डॉक्टरीणबाई लस टोचायला आल्या होत्या. तरुण मुलगी. दिवसभर खारघरच्या टॉवरांतली कुत्री तपासायची आणि आमच्याकडे यायची तेव्हा स्कूटर लांब लावायची. तिने माझ्या पहिलटकरणीच्या पाठीवर तळवा दाबून बघितला आणि म्हणाली, काका, हिचं खाणं आवरा, गाभणपणी जाड होऊ देऊ नका, पुढे दुधाला त्रास होतो. मी हसून हो म्हटलं. मनात म्हटलं, ही पिढीच डाएटवाली. आमच्या लेकीलाही कुणी असंच सांगितलंय. त्या दिवशी मी पहिलटकरणीला एक लाडू जास्त दिला, तिच्या बाजूने निषेध म्हणून.

लेक बाळंत झाली. मुलगी. फोनवर बायको रडली, मीही थोडा. लेक थकलेली दिसली, पण पहिल्या दिवशी कोण दिसत नाही. त्यानंतर मात्र व्हिडिओ कॉलवर ती स्वतः फारशी दिसेनाशी झाली. कॅमेरा बाळावर, नाही तर छतावर. आम्ही छताकडे बघून बोलायचो.

त्यानंतर काही दिवसांनी, चैत्राच्या उन्हात, पहिलटकरीण व्याली. नऊ पिल्लं, सगळी जिवंत, ओल्या रबरासारखी. मी आनंदाने भागीदाराला मिठी मारली. त्याने लगेच अंग सोडवून घेतलं, कारण माझ्या अंगाला बाळंतपण लागलेलं होतं. “आता जगवून दाखव,” असं तो तिला म्हणाला. हसतच म्हणाला, पण अट त्याला आठवत होती, आणि मलाही.

इथून पुढची व्यवस्था मी हातात घेतली, आणि मी कुठलीही व्यवस्था हातात घेतली की घरचे लोक काळजीत पडतात ते उगाच नाही. बायको फोनवरून सूचना देत होती आणि मी अमलात आणत होतो. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, म्हणून शेडच्या त्या भागाला मी गोणपाटाचे पडदे लावले. पहिले पाच दिवस जड अन्न नाही, म्हणून खरकटं बंद आणि भाताची पातळ पेज सुरू. थंड पाणी तर मुळीच नाही. भिंतीत नळी होती, तोंड लावलं की पाणी येणारी. तिचा कॉक मी बंद केला आणि ओवा घालून उकळलेलं पाणी कोमट करून बादलीत, थोडं थोडं, दिवसातून ठरावीक वेळा द्यायला लागलो. घमेल्यात निखारे ठेवून ओवा आणि बाळंतशेपा यांची धुरी दिली. वर सिमेंटचे पत्रे, बाहेर उन्हाने चकाकणारा एक्सप्रेसवे, आत गोणपाट आणि निखारे. पहिलटकरीण आडवी पडून धापा टाकत होती. मला वाटलं, बाळंतपणाचा शीण.

भागीदाराने आत डोकावून बघितलं आणि पटल्यासारखी मान हलवली. त्यांच्याकडेही बाळंतिणीला पाणी मोजूनच देतात म्हणे.

पिल्लं मात्र सडांना अशी चिकटली होती की सुटायलाच तयार नाहीत. सकाळी गेलो तरी चोखताहेत, दुपारी बघितलं तरी चोखताहेत. एकमेकांना ढकलायची, गालांवर चावायची, पुन्हा लुचायची. मी बाजूला स्टूल टाकून बसायचो. मला भरून यायचं. अशी वात्सल्यमूर्ती माझ्या बघण्यात नव्हती. दोन पिल्लं जरा मलूल होती, तर म्हटलं, आळशी असतील. माणसांतही असतात, मी आहेच की.

हे दृश्य लेकीला दाखवायलाच हवं होतं. मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र होती. तिने लगेच उचलला, जागीच होती. तिचा कॅमेरा छतावर. मी माझा पहिलटकरणीवर धरला आणि आजोबा नातीला प्राणिसंग्रहालय दाखवतात तसं वर्णन सुरू केलं. बघ, नऊच्या नऊ. बघ, कशी शांत पडलीय. उठतसुद्धा नाही बिचारी.

लेक बघत होती. मग म्हणाली, “बाबा, ही कधीपासून पाजतेय?”

“सकाळपासून. कालही दिवसभर. सोडतच नाहीत तिला. आई असावी तर अशी.”

“पोट भरलं की झोपतात, बाबा. ही झोपत नाहीयेत.”

मी म्हटलं, भूक लागत असेल पुन्हा पुन्हा, वाढीचं वय.

“सोडत नाहीत, कारण येत नाहीये काही.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “आमच्याकडे पण आठवडाभर असंच चाललं होतं. मला वाटत होतं, किती छान पितेय. मग नर्सने वजन केलं.”

एक्सप्रेसवेवरून कंटेनर जात होते, त्यामुळे मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. तिने कॅमेरा स्वतःकडे वळवला. इतक्या दिवसांनी मी तिचा चेहरा बघितला. आता ठीक आहे, ती म्हणाली, पावडरचं दूध देतोय, वजन वाढतंय. आणि आईला सांगू नको, लाडू खाल्ले नाहीत, यावरच ती येईल.

मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, “तू डॉक्टरला बोलव. आत्ता.” आणि फोन ठेवला.

डॉक्टरीणबाई संध्याकाळी आल्या. तोवर मलूल दोन्ही पिल्लं गेली होती. डॉक्टरीण वाकून आत शिरली आणि आधी तिने विचारलं, हे जळतंय काय. मी ओव्याचे गुण सांगायला लागलो. तिने घमेलं उचलून बाहेर नेलं, गोणपाट ओढून काढलं आणि भिंतीतल्या नळीचा कॉक सोडला. पहिलटकरीण कशीबशी उठली, नळीला तोंड लावलं आणि प्यायला लागली. ती किती वेळ पीत होती, ते मी सांगत नाही. आम्ही तिघंही उभे होतो, तिचं पिणं संपेपर्यंत.

मग डॉक्टरीणबाईंनी सड एकेक दाबून बघितले. पुढच्या काहींतून थेंब आले. मधल्यांतून जेमतेम. मागचे तीन आत वळलेले, ते तेव्हा कळलं. ती सांगत गेली ते मी माझ्या शब्दांत सांगतो. गाभणपणी अंगावर चढलेली चरबी कासेतही भरते, जिथे दूध तयार व्हायची जागा असते तिथेच. शिवाय जाड झालेली मादी व्याल्यावर खात नाही, आणि नऊ पिल्लांचं दूध खाल्ल्याशिवाय येणार कुठून. त्यात पेज. त्यात पाणी तोडलेलं. खरकट्यात पोट भरतं, पण दूध ज्यातून होतं ते प्रथिन त्यात नसल्यासारखंच. माणसाच्या बाळंतिणीला आपण जे करतो, ते इथे सगळं उलटं करायचं असतं, काका. आधी हात आवरायचा आणि व्याल्यावर ती खाईल तितकं, पिईल तितकं, गारव्यात.

माणसाच्या बाळंतिणीलाही ते बरोबर असतं का, हे मी विचारलं नाही. विचारायचं होतं.

“आणि हिला पहिल्याच माजाला लावली ना?” तिने भागीदाराकडे बघितलं. “ती स्वतःच अजून वाढत होती. जे खाल्लं त्यातलं थोडं तिला, थोडं पिल्लांना. दुधाला काय उरणार?”

आम्ही दोघं एकमेकांकडे बघू लागलो. खरं सांगायचं, तर दोघांनाही तिने निकाल द्यायला हवा होता. पहिलटकरणीचं दूध माझ्या लाडवांनी आटवलं की त्याच्या घाईने. भागीदाराने विचारलंच, “म्हंजे चूक कोनाची म्हनायची, मॅडम?”

ती हात धूत होती. “कोणाचं किती, ते मला सांगता येणार नाही,” म्हणाली. “दोन्ही एकाच जनावरात आहे.”

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून त्या शेडचा वास येतो, लिफ्टमधला नव्हे, खरा. डॉक्टरीणबाईंनी पान्ह्यासाठी इंजेक्शन दिलं. ते असलेलं दूध सोडायला मदत करतं, नसलेलं आणत नाही, हेही सांगून टाकलं. आम्ही मक्याचा भरडा आणि सोयाबीनची पेंड आणली, फरशीवर पाणी मारत राहिलो. भागीदाराने रिक्षा बंद ठेवली. आम्ही दोन म्हातारे-कोतारे (तो म्हातारा नव्हता, पण त्या आठवड्यात झाला) मांडीवर एकेक पिल्लू घेऊन पावडरचं दूध बाटलीने पाजत बसायचो. डुकरीण तासातासाला पिल्लांना हाक मारते; घशातून एका लयीत घुरघुरते, लय वाढते आणि मग काही क्षणच दूध येतं. तेवढ्या क्षणांत ज्याच्या तोंडात सड आहे त्याचं पोट भरतं. बाकी सगळा वेळ नुसती ओढाताण. मी ज्याला वात्सल्य म्हणत स्टुलावर बसून बघितलं, ती ही ओढाताण होती. आता ती घुरघुरायची, पिल्लं धावायची, लय वाढायची आणि मग काही नाही. ती तशीच थोडा वेळ घुरघुरत राहायची.

रोज सकाळी एखादं कमी असायचं. भागीदार ते मी येण्याआधी उचलून न्यायचा. शेवटी चार राहिली. पुढच्या सडांतून थोडं दूध यायला लागलं होतं आणि ती चार त्यावर आणि बाटलीवर तगली. अंगाने खुरटी, पण तगली. मागचे आणि मधले सड कुणी चोखणारं नव्हतं. ते आक्रसले, वाळले.

घरी मी लेकीचं काही सांगितलं नाही. माझ्या पोटात राहिलेली ही बहुधा एकमेव गोष्ट. पण लाडू वळणं थांबलं होतं. मी डबा नेईनासा झालो, म्हणून ते असेल, असं मी धरून चाललो. मग एकदा लेकीने पाठवलेला बाळाचा फोटो बघताना बायकोने तो बोटांनी मोठा केला. बाळाकडे नव्हे, मागच्या टेबलाकडे. टेबलावर पावडरचा डबा होता.

“कधीपासून?” तिने मला विचारलं.

मी सांगितलं. ती बराच वेळ तो डबा बघत राहिली, मग बाळाकडे सरकली. म्हणाली, गाल आलेत. लेकीला तिने आजतागायत काही विचारलेलं नाही.

पिल्लं आईपासून तोडल्यावर डॉक्टरीणबाई एकदा येऊन गेल्या. मी मुद्दाम भागीदारासमोर त्यांना विचारलं, आता नीट खाणं दिलं, पुढच्या वेळी घाई केली नाही, तर ही सुधारेल ना. मला होकार हवा होता. ती प्रामाणिक मुलगी. म्हणाली, अंग भरून येईल, खाण्याचं सुधारता येईल. पण पहिल्या वेताला जे सड चोखलेच गेले नाहीत, ते पुढच्या वेताला त्या मानाने कमीच देतात. किती कमी, ते आत्ता सांगता येणार नाही. मागच्या तीन सडांचं तर नावच सोडा.

ती गेल्यावर मी भागीदाराशी बोललो. इतक्या वर्षांत मी त्याच्याशी एवढा वेळ गंभीरपणे कधी बोललो नव्हतो, त्यामुळे त्याला आधी ती थट्टा वाटली. म्हटलं, तिचं काय चुकलं. निवड आपण केली, घाई तू केलीस, चारलं मी, पाणी तोडलं मी. तिच्या बाजूने तिने सगळं केलं. नऊ आणली. हाक मारत राहिली. एक वेत अजून देऊ.

त्याने बिडी पेटवली आणि विझवली. “काका, मी पन चार बाटलीवर वाढवलीत. मला काय वाटत नाय असं समजू नका. पन तुमी तिला लेक केलीव. मला ती दुधाची पायजे होती. आपलं ठरलं हाय ना?”

ठरलं होतं. मी मान डोलावली होती, ती त्याला दिसली होती.

टेम्पो येणार त्या सकाळी मी बायकोला विचारलं, एखादा लाडू आहे का. तिने का म्हणून विचारलं नाही. बरणीच्या तळाशी डिंक उरला होता, तो तळून, दोनच लाडू वळले आणि छोट्या डब्यात घातले. मला वाटलं होतं, जाताना तिच्या तोंडात काहीतरी गोड द्यावं. एवढंच.

शेडवर गेलो तर गोंधळ चालला होता. टेम्पोला फळी लावलेली आणि ती फळीवर पाय ठेवायला तयार नाही. दोघा माणसांनी ढकलली, दोरी लावली. ती पाय रोवून उभी. एवढं वजन, त्यातलं बरंचसं माझंच दिलेलं. भागीदार घामाघूम झाला होता. त्याने माझ्या हातातला डबा बघितला आणि नजर दुसरीकडे वळवली. मग म्हणाला, “काका, डबा वाजवा.”

मी वाजवला नाही. पण झाकण उघडायला गेलो आणि त्याचा आवाज झालाच.

तिने कान टवकारले. लोक बाजूला झाले. मी लाडू हातात घेऊन फळीवरून मागे मागे गेलो आणि ती माझ्यामागून वर आली, एकेक पाय उचलत, पांढऱ्या पापण्यांच्या आतून माझ्या हाताकडे बघत. वर तिने लाडू तोंडात घेतला, डोळे अर्धे मिटले आणि सावकाश खाल्ला. मी कडेने खाली उतरलो. फळी निघाली.

आंघोळ करून घरी आलो. बायकोने दार उघडलं आणि मागे सरली नाही. डबा घेऊन आत गेली, झाकण उघडल्याचा आवाज आला.

“एक परत आणलात?”

“एकातच चढली,” मी म्हटलं.